दवाखान्याच्या आधीचा रस्ता

भांडगावच्या बचत गटातल्या आम्ही बायका बोलतोय. मागच्या वेळी आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, त्याआधी परसबागेवर. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो आम्ही काही हौसेनं निवडलेला नाही.

आमचं गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर. पुण्याकडून येताना यवत मागं पडलं की आम्ही. पुढं चौफुला, वरवंड, पाटस. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला निघते ती आमच्या गावावरून. तेवढा वेळ रस्ता माणसांचा असतो. बाकी वर्षभर तो ट्रकचा, कुरकुंभकडं जाणाऱ्या टँकरचा आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा.

दोन वर्षांमागं अशाच गळीत हंगामात संध्याकाळची मीटिंग उरकून आम्ही सात-आठ जणी परत निघालो होतो. अंधार पडलेला. कडेला उसाची ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि थेट मागून तिच्यात शिरला. आम्ही पळत गेलो. आता जे सांगतोय ते सांगायला आम्हाला बरेच दिवस लागले. आमच्यातल्या एकीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीनं पाणी पाजलं. एकीनं त्याच्या मांडीला पदर लावला, आणि रक्त थांबलं का बघायला दर मिनिटाला उचलून बघितला. एक जण हळद आणायला घराकडं पळाली. गडी जमले, चौघांनी हातापायाला धरून त्याला उचललं आणि पिकअपमध्ये टाकलं. १०८ ला फोन कुणीच केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केला असणार.

पोरगा वाटेतच गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला एकच विचारलं, "मांडीची मोठी शीर तुटली होती. कुणी दाबून धरलं होतं का?" आवाजात राग नव्हता. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. दाबून धरलं असतं तर तो वाचला असता, असं ते म्हणाले नाहीत. आम्हीही म्हणत नाही. पण त्यानंतर गटात तीन मीटिंगा दुसरा विषय निघाला नाही.

मग आम्ही ठरवलं, शिकायचं. शिकवायला भेटले एक निवृत्त फौजी. सैन्याच्या वैद्यकीय दलात ते नर्सिंग असिस्टंट होते. आम्ही त्यांना फौजीकाका म्हणतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, मी तुम्हाला जे शिकवणार आहे त्यातलं बरंचसं लढाईत माणसं मेल्यावर कळलेलं आहे." ते वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. आमच्यातल्या एकीनं बीएला इतिहास घेतला होता. तिनं पुस्तकं आणली आणि आम्ही मिळून वाचायला लागलो. गंमत म्हणजे, पहिला धडा नदीपलीकडंच सापडला.

भीमा ओलांडली की शिरूर तालुका. त्यातलं कोरेगाव कुणाला माहीत नाही? १ जानेवारी १८१८ ची लढाई. महार सैनिकांच्या पराक्रमाची जागा म्हणून तिथं दरवर्षी लाखो लोक अभिवादनाला येतात, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः आले होते. आमच्या गटातल्याही कितीतरी जणी दरवर्षी जातात. त्या लढाईवर खूप बोललं जातं, लिहिलं जातं. आम्ही मात्र यावेळी फक्त जखमींचं काय झालं तेवढंच शोधत होतो.

कॅप्टन स्टाँटन यांची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली. सगळे मिळून आठशेच्या आसपास माणसं. रात्रभर चालून सकाळी कोरेगावात पोचली आणि लढाईला तोंड लागलं. दिवसभर ना अन्न, ना पाण्याचा थेंब. नदी समोर वाहतेय आणि पाण्यापर्यंत जाता येत नाही. पाणी मिळालं ते रात्री. जखमी माणसाला तहान फार लागते, कारण अंगातलं रक्त गेलेलं असतं. हे आम्हाला फौजीकाकांनी सांगितलं, तेव्हा आमच्या बाटलीची आठवण झाली. त्या पोरानंही पाणी मागितलं होतं.

तुकडीबरोबर डॉक्टर होते दोन, विंगेट आणि वायली. दोघं असिस्टंट सर्जन. पण माणसं इतकी कमी पडली की डॉक्टरांनीच संगिनी चालवणाऱ्या शिपायांचं पुढारपण केलं. जखमींना गावातल्या एका देवळासारख्या जागेत ठेवलं होतं. ती जागा काही वेळ अरबांच्या हाती गेली, तिथं विंगेट मारले गेले. शिपायांनी ती परत घेतली, तेव्हा आत उरलेल्यांचा जीव वाचला. म्हणजे बघा, जखमींकडं बघणं हे एकच काम ज्याला दिलंय असा माणूस त्या दिवशी तिथं एकही उरला नव्हता. वायली जिवंत राहिले, पण एकटा माणूस किती ठिकाणी पुरणार?

तुकडीतले अडीचशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. २ जानेवारीच्या रात्री स्टाँटन जेवढे जखमी नेता येतील तेवढे घेऊन शिरूरला परत फिरले. कोरेगाव ते शिरूर आज गाडीनं तासाभराची वाट. तेव्हा ती रात्रभराची होती. त्या जखमींमध्ये लेफ्टनंट पॅटिन्सन म्हणून एक धिप्पाड अधिकारी होता. अंगावर जखमा असताना तो पुन्हा लढायला उठला होता. तो शिरूरला पोचला आणि तिथं गेला. अधिकारी म्हणून त्याचं नाव पुस्तकात आलं. त्या रात्री वाटेत किती शिपाई गेले, त्यांना कुणी उचललं, त्यांच्या तोंडाशी पाणी कुणी धरलं, हे आम्ही वाचलेल्या पुस्तकांत कुठं आलेलं नाही. उचलणारी माणसं इतिहासात फारशी येत नाहीत, हे आम्हाला पुढंही ठायी ठायी दिसलं. त्या काळात फौजेबरोबर डोल्या असायच्या आणि त्या वाहणारे भोई असायचे. ते लढाईच्या तोंडावर जायचे, पण त्यांना सैनिक म्हणत नसत. त्यांना काही शिकवायचंही कुणाच्या मनात येत नसे. उचला आणि चला, एवढंच शिक्षण.

शिकवायला हवं, हे जगाला जरा उशिरानंच सुचलं. १८५९ साली इटलीत सॉल्फेरिनोची मोठी लढाई झाली. हजारो जखमी शेतात पडून होते. आंरी द्युनां नावाचा एक स्विस व्यापारी स्वतःच्या कामासाठी तिकडं गेला होता, त्यानं ते पाहिलं. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका घरातून कापड, पाणी घेऊन बाहेर पडल्या आणि आपला-परका न बघता जखमींची सेवा करायला लागल्या. द्युनांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून रेडक्रॉसची कल्पना निघाली. रेडक्रॉसचा उगम सांगताना सगळे द्युनांचं नाव घेतात. आम्हाला वाटतं, त्या बायकांचंही घ्यावं.

आता पुण्याचं नाव ज्यात आहे ती गोष्ट. आम्हाला ती आधी अजिबात माहीत नव्हती. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये इंग्रजांनी जी फौज पाठवली, तिच्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. नावच पुणे. तिच्यात इंग्रज होते, पंजाबी होते, गुरखे होते आणि आपल्या मराठा पलटणीही होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागातली शेतकऱ्यांची पोरं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफोनला मोठी लढाई झाली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं गेली.

जखमींना न्यायला गाड्या कुठल्या होत्या? सामान वाहायच्या. खेचरं जुंपलेल्या, लाकडी, स्प्रिंग नसलेल्या गाड्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत घालून खडबडीत रानातून कित्येक मैल नेला. आमच्या आजीच्या पिढीनं बैलगाडीतून बाळंतीण दवाखान्यात नेलेली आहे, त्यामुळं हे ऐकल्यावर आम्हाला वेगळं चित्र काढावं लागलं नाही. नदीवर पोचल्यावर त्यांना बोटींवर आणि त्यांना बांधलेल्या पडावांवर दाटीवाटीनं घातलं. वर छप्पर नाही, शौचाची सोय नाही, डॉक्टर मोजके. काहींना बसऱ्याला पोचायला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागला. तोवर पट्ट्याही बदललेल्या नव्हत्या.

बसऱ्याला मेजर कार्टर नावाचे डॉक्टर होते. मेजिदीये नावाची बोट येताना त्यांना दुरून वाटलं, हिच्या कडेला दोर लोंबताहेत. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ती घाण आहे, जखमी माणसांची. उठता येत नव्हतं, कुणी उचलणारं नव्हतं. रेडिओवर हे सांगावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी ठरलं, सांगायचं. कारण कार्टर यांनीही गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी वर लिहून कळवलं, तर वरिष्ठांनी त्यांना उपद्व्यापी ठरवून धमकावलं. पण प्रकरण विलायतेपर्यंत गेलं, चौकशी आयोग बसला आणि १९१७ साली त्याचा अहवाल आला. जखमींची वाहतूक म्हणजे उपचाराचाच भाग, हे त्या अहवालानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

त्याच युद्धात फ्रान्सच्या बाजूला एक चांगली गोष्टही झाली. मांडीचं हाड मोडलं की माणूस बहुतेक वेळा मरायचाच, कारण हलवताना हाडाची टोकं आतून मांस फाडतात आणि रक्त आतल्या आत साठतं. पाय ताणून लोखंडी चौकटीत बांधायची थॉमस स्प्लिंट नावाची युक्ती डॉक्टरांना ठाऊक होती, पण ती दवाखान्यात वापरायची. युद्धात ठरलं की ती पुढं न्यायची, जखमी पडला असेल तिथंच बांधायची. मग स्ट्रेचर वाहणाऱ्यांना ती शिकवली. इतकी घोटून की डोळे बांधून सराव करून घ्यायचे, कारण रात्री अंधारात बांधावी लागणार. मांडी मोडून मरणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. चौकट तीच, डॉक्टर तेच. ती आता उचलणाऱ्यांच्या हातात आली होती, एवढाच बदल.

फौजीकाकांनी आम्हाला थॉमस स्प्लिंट शिकवली नाही, ते आमचं काम नव्हे. पण मोडलेला पाय दुसऱ्या चांगल्या पायाला, मध्ये घडी घातलेली गोधडी ठेवून, सरळ बांधायला शिकवलं. आणि डोळे बांधून करायला लावलं. सगळ्या हसून हसून पडल्या. काकांनी मात्र घड्याळ लावून बघितलं.

आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सोलापूर आहे. तिथं १० ऑक्टोबर १९१० ला द्वारकानाथ कोटणीस जन्मले. त्यांच्यावर व्ही. शांतारामांनी १९४६ साली सिनेमा काढला, तो आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलेला. पण सिनेमात प्रेम आणि त्याग जास्त राहतो. आम्हाला कोटणीसांच्या कामाची रीत बघायची होती. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस असे दोघं मराठी. कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून नुकतेच बाहेर पडलेले.

चीनमध्ये त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जखमी तुमच्याकडं येईपर्यंत थांबू नका, तुम्ही त्यांच्याकडं जा. डोंगरात रस्ते नव्हते, म्हणून शस्त्रक्रियेचं सगळं सामान खेचरांच्या पाठीवर मावेल असं त्यांनी बांधून घेतलं होतं. १९३९ साली ऑपरेशन करताना बोट कापलं, विषबाधा झाली आणि ते गेले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या दवाखान्याचे प्रमुख १९४१ साली आपले कोटणीस झाले. लढाईच्या दिवसांत एकदा त्यांनी झोप न घेता ७२ तास ऑपरेशनं केली, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

पण आम्हाला त्याहून मोठं वाटलं ते असं की दोघंही शिकवत होते. तिथल्या शेतकऱ्यांची पोरं-पोरी, ज्यांनी शाळेचं तोंड धड पाहिलं नव्हतं, त्यांना जखम धुणं, बांधणं, उचलणं शिकवत होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवायला लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं. ते पुरं झालं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय ३२. त्यांची पत्नी क्वो छिंगलान नर्सिंग शिकवत होती. मूल तेव्हा काही महिन्यांचंच होतं. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. आमचा गट अजून गेलेला नाही, एसटीचा खर्च जमवतोय.

स्वातंत्र्यानंतर फौजेचं पुढं गेलं. १९४८ साली पुण्यात सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं, एएफएमसी. सैनिकाजवळ जखमेची पट्टी असते, पहिली मदत त्याच्या शेजारचा सैनिकच करतो, मग पलटणीचा मदत कक्ष, मग पुढचं ठाणं, मग इस्पितळ, अशी साखळी असते. पण आमच्यासारख्या रस्त्याकडेच्या माणसांचं काय? हा प्रश्न अमेरिकेतसुद्धा १९६६ साली पडला होता. तिथल्या विज्ञान अकादमीच्या अहवालात म्हटलं होतं की गंभीर जखमी झालेल्या माणसाची वाचायची शक्यता शहरातल्या रस्त्यापेक्षा लढाईच्या मैदानावर जास्त आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण तेव्हा तिकडं कित्येक गावांत जखमींना न्यायला प्रेतं वाहणाऱ्यांचीच गाडी यायची, आणि त्या माणसांना काहीही शिकवलेलं नसायचं.

त्यानंतर वर्षभरात, १९६७ साली, पिट्सबर्ग शहरात काळ्या लोकांच्या वस्तीत एक प्रयोग झाला. नाव फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स. वस्तीतले बेकार तरुण, ज्यांना कुणी कामावर घ्यायला तयार नव्हतं, त्यांना डॉ. पीटर सफार यांनी साधारण ३०० तासांचं शिक्षण दिलं. श्वास कसा चालू ठेवायचा, रक्त कसं थांबवायचं, गाडीतच उपचार कसे सुरू करायचे. पुढं डॉ. नॅन्सी कॅरोलिन या बाई त्यांच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी या कामाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. शहरातल्या चांगल्या वस्त्यांपेक्षा या गरीब वस्तीला चांगली ॲम्ब्युलन्स मिळायला लागली. १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढली आणि यांची बंद केली. ज्यांनी सुरू केलं त्यातल्या बऱ्याच जणांना नव्या सेवेत जागा टिकवता आली नाही. आमच्या एक काकू हे ऐकून म्हणाल्या, "आपल्या गटानं सुरू केलेल्या पाळणाघराचं हेच झालं." त्यावर आम्ही पुढं बोललो नाही, पण काकूंचं खोटं नव्हतं.

आपल्याकडची गोष्ट कोर्टापासून सुरू होते. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं. एका माणसानं त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तर दवाखाना म्हणाला, पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवर दुसरीकडं न्या. तो वाटेत गेला. परमानंद कटारा यांनी ही बातमी सुप्रीम कोर्टापुढं नेली आणि १९८९ साली कोर्टानं सांगितलं, आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरला ते बंधनकारक. मदत करणाऱ्यालाच पोलिसांनी त्रास देऊ नये यासाठी २०१६ साली सुप्रीम कोर्टानं नियमांना जोर दिला, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं जखमीला मदत केली तर तुमच्यावर दावा नाही, गुन्हा नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे आम्ही तीन वेळा सांगतो, कारण आमच्याकडं गडी माणसं बायकांना अजून म्हणतात, "पडू नका त्यात, कोर्टात फेऱ्या माराव्या लागतील."

आणि १०८. महाराष्ट्रात ती सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ जास्त सोयींच्या आणि ७०४ साध्या. तिचा फोन उचलणारा कक्ष आपल्या पुण्यातच, औंधला. आपल्याकडच्या गाडीत डॉक्टर असतो, ही आपल्या राज्याची खासियत. पैसे लागत नाहीत. टेसिफोनच्या खेचरगाडीशी ताडून बघा. पण ही गाडी यायच्या आधीची मिनिटं कुणाची? तिथं डॉक्टर नसतो, फौजी नसतो. तिथं आपण असतो. आमचा त्या रात्रीचा पोरगा त्याच मिनिटांत गेला.

फौजेत १९९० च्या सुमाराला जुन्या लढायांचे मृत्यू तपासले गेले, तेव्हा दिसलं की वाचवता आली असती अशी कित्येक माणसं हातापायाच्या जखमेतून रक्त जाऊनच मेली. १९९६ साली अमेरिकी फौजेतल्या डॉक्टरांनी नवी रीत मांडली, आधी वाहतं रक्त थांबवा. २०१५ पासून तिकडं साध्या नागरिकांना हेच शिकवायची मोहीम सुरू आहे. आम्ही भांडगावच्या मंदिराच्या सभामंडपात बसून शिकलो तेही हेच.

आता तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण आठवड्याभरात कुणाला तरी लागेल. पहिलं, एकीकडं बोट दाखवून, नाव घेऊन सांगा, "तू १०८ लाव." सगळ्यांना मिळून सांगू नका. फोनवर जागा सांगताना गावाबरोबर जवळचा पेट्रोल पंप, देऊळ, रस्त्याची बाजू सांगा, पुण्याकडून की सोलापूरकडून. दुसरं, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबा. उचलून बघू नका. भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. हळद नको, चहापत्ती नको, तंबाखू नको. हातापायातून रक्त धो धो येत असेल आणि दाबून थांबतच नसेल, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठी घालून पिळून घट्ट बांधा आणि वेळ लिहून ठेवा. तिसरं, पाणी पाजू नका. कितीही मागितलं तरी नाही, ओठ ओले करा. चौथं, मान आणि पाठ वाकवून उचलू नका. गाडी पेटलीय किंवा मागून ट्रक येतोय, एवढ्याच कारणानं हलवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध तळवा ठेवून जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. हे ऐकून येत नाही, हातानं करूनच येतं.

एक गोंधळ आमच्यात सगळ्यात जास्त झाला तो साप चावल्याचा. उसात साप असतोच. आमच्या सासवांनी सांगितलेलं, वर घट्ट बांधायचं. काका म्हणाले, तिथं बांधायचं नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही. अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना, मांत्रिक नाही. मग एकीनं विचारलं, "काका, रक्ताला बांधायचं आणि सापाला नाही बांधायचं, रात्रीच्या वेळी डोकं कसं चालणार?" काका गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणून तर सराव." त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा सराव ठेवला.

यंदाच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळीतल्या एका ऊसतोड बाईच्या पोटरीवर कोयता बसला. फड आमच्या शेजारचाच. आमच्या दोघी पळत गेल्या. टोळीतल्या माणसानं तंबाखूची पुडी काढलेली, ती बाजूला ठेवायला सांगितली. एकीनं दाबून धरलं, दुसरीनं १०८ ला जागा सांगितली. गाडी येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली, हात सुन्न झाले, पण उचलून बघितलं नाही. बाईला टाके पडले, आता ती बरी आहे. दाबून धरणारी ती हीच, जिनं त्या रात्री पदर उचलून उचलून बघितला होता. घरी आल्यावर ती बराच वेळ हौदावर हात धूत बसली. आम्ही कुणी तिला काही विचारलं नाही.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत आम्ही एक पत्र्याची पेटी ठेवलीय. तिच्यात कापडाच्या पट्ट्या, गोधडीचा तुकडा, दोन काठ्या, कात्री, टॉर्च आणि मार्कर. कुलूप लावत नाही. दोनदा टॉर्च चोरीला गेला, तरी कुलूप लावायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय. ट्रॉल्यांना मागून लाल पट्टी लावायचं काम अजून निम्म्यावरच आहे. ट्रॅक्टरवाले हो म्हणतात आणि लावत नाहीत, म्हणून या हंगामात आम्हीच पट्ट्या घेऊन फडावर जाणार आहोत.

पुढचा सराव येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, मंदिराच्या सभामंडपात. यवत, केडगाव, बोरीपार्धीच्या मैत्रिणींनीही यावं. येताना एक जुनी सुती साडी घेऊन या, पट्ट्या फाडायच्या आहेत. नायलॉनची नको, तिला रक्त धरत नाही.